पियानोचं गाव कोणतं?

१. श्रोत्याचा प्रश्न

गाण्याला शब्द असले की ते कुठलं हे ओळखायला वेळ लागत नाही. पण नुसता पियानो वाजत असेल तर? वाद्य लंडनपासून मॉस्कोपर्यंत सारखंच, पट्ट्या त्याच, सप्तकातले बारा स्वर तेच. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र छापलेलं असतं ‘चेक नृत्यं’. पाश्चात्त्य संगीत नव्याने ऐकू लागलेला माणूस अशा वेळी हमखास विचारतो, की यात चेक आहे तरी काय?

याला तयार उत्तरं तीन आहेत. संगीतकार चेक आहे, किंवा त्याने चेक लोकगीतांच्या चाली घेतल्या आहेत, किंवा त्याने रचनेला तसं नाव दिलं आहे. या प्रकरणात आपण ज्याचं संगीत ऐकणार आहोत त्या बेद्रिख स्मेतानापुढे (१८२४–१८८४) ही तिन्ही उत्तरं लंगडी पडतात. आधुनिक चेक संगीताचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण पस्तिशी उलटली तरी तो आपली डायरी जर्मनमध्ये लिहीत होता. लोकगीतांच्या चाली उचलल्या की राष्ट्रीय संगीत तयार होतं, हे म्हणणं त्याला बराच काळ मान्यच नव्हतं. आणि त्याच्या पियानोच्या कितीतरी पोल्का पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या चक्क फ्रेंच नावांनी, कारण दिवाणखान्यात पियानो ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांत तेव्हा फ्रेंच नावांची चलती होती.

मग उरतं काय? माझ्या मते उरतं ते पाऊल. स्मेतानाला चेक भाषा नीट लिहिता येऊ लागली त्याच्या कितीतरी आधी चेक नाच येत होता. त्याच्या पियानोतलं चेकपण तिथून आलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

२. बिअरवाल्याचा मुलगा

आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा मोठा भाग म्हणजे बोहेमिया. प्राग त्यातच येतं. स्मेतानाच्या काळी हा मुलूख हाब्सबर्ग साम्राज्यात होता. शाळा, कचेरी आणि वरच्या वर्गाचा वावर जर्मनमध्ये चाले, तर शेतात, बाजारात, गावच्या बिअरखान्यात चेक बोलली जाई. स्मेतानाचा जन्म लितोमिश्ल गावचा. वडील बिअर बनवण्याचा व्यवसाय करत. घर चेक, शिक्षण जर्मन, असं त्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या चेकांचं होतं.

१८४० ते १८४३ ही शाळेची वर्षं त्याने प्लझेन शहरात काढली. घरोघरच्या संध्याकाळच्या बैठकींत पियानो वाजवावा, आणि दुसरं कुणी वाजवणारं असेल तर स्वतः नाचावं, असा त्याचा तेव्हाचा क्रम होता. सोळाव्या वर्षी त्याने ‘लुइझाची पोल्का’ लिहिली. अंगात महत्त्वाकांक्षा दांडगी होती. वाजवण्यात नामांकित पियानोवादक लिस्टची आणि रचनेत मोझार्टची बरोबरी करायची, असं त्याने डायरीत लिहून ठेवलं होतं. १८४८ मध्ये त्याने आपल्या पहिल्या छापण्याजोग्या रचना थेट लिस्टलाच अर्पण करून पाठवल्या आणि त्याच पत्रात संगीतशाळा काढायला ४०० गुल्डेनचं कर्जही मागितलं. ओळख ना पाळख! लिस्टने पैसे दिले नाहीत, पण रचनांचं कौतुक केलं आणि त्यांना प्रकाशक मिळवून दिला. शाळा स्मेतानाने त्याच वर्षी प्रागमध्ये काढलीच.

३. पोल्का: आधी पाऊल, मग सूर

पोल्का समजून घ्यायला वाद्य लागत नाही. उभं राहायचं आणि सारख्या गतीने चार मोजायचे. एकला डावं पाऊल, दोनला उजवं त्याच्याजवळ, तीनला पुन्हा डावं. चारला पाऊल टाकायचं नाही, तिथे हलकी उडी किंवा नुसता थांबा. पुढच्या चौकडीत उजव्या पावलाने सुरुवात, कारण तीनच पावलं पडल्यामुळे आता उजवा पाय मोकळा आहे. दोनचार वेळा केलं की शरीर आपोआप एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलू लागतं.

पोल्काची सगळी गंमत त्या चौथ्या मात्रेत आहे. तीन पावलांनी जमवलेला जोर तिथे क्षणभर अडतो आणि पुढच्या एकवर सुटतो. पियानोवर डावा हात जमीन धरतो, म्हणजे खालचा एक स्वर, वर दोनतीन स्वरांचा झटका, पुन्हा खालचा, पुन्हा झटका. उजव्या हातात धून असते. चौथ्या मात्रेचं काय करायचं हे मात्र रचनाकाराच्या हातात. साधा रचनाकार तिथे धून नुसती थांबवतो. स्मेताना कधी तिथला स्वर लांबवून पुढच्या समेवर आणून टेकवतो, कधी तिथेच एखादी बारीक तान घालतो. नाचणाऱ्याचा पाय हवेत असताना कान मोकळा असतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

हा नाच फार जुना नाही. बोहेमियात तो १८३० च्या दशकात पुढे आला, प्रागच्या नाचघरांत शिरला आणि १८४० च्या दशकात पॅरिसने तो डोक्यावर घेतला. पण पॅरिसमध्ये जी फॅशन होती तिला प्रागमध्ये वेगळा अर्थ होता. १८४० मध्ये प्रागमध्ये पहिला ‘चेक’ नृत्यसमारंभ भरला. जिथे सभ्य समाज जर्मन बोलतो तिथे आमंत्रणं चेकमध्ये, बोलणं चेकमध्ये आणि नाचही आपलाच, याला धीटपणा लागे. पोल्का नाचणं म्हणजे आपण कोणाचे हे सांगणंही होतं, आणि त्यासाठी भाषणाची परवानगी काढावी लागत नव्हती.

४. समेवर उठणारी धून

आता थोडं सूक्ष्म. पाऊल चेक असेल, पण धूनही चेक वाटते ती कशामुळे?

ख्यालात मुखडा बहुधा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन पोचतो. पाश्चात्त्य संगीतातही अशा धुना पुष्कळ आहेत. जर्मन गाणी सर्रास समेआधीच्या एखाद्या हलक्या स्वरावरून उठतात, कारण जर्मन भाषेत नामाआधी बिनवजनाचं एक छोटं उपपद येतं आणि वजन नंतरच्या शब्दावर पडतं. चेकमध्ये अशी उपपदं नाहीत, आणि शब्दाचं वजन नेहमी पहिल्या अक्षरावर पडतं. ‘स्मेताना’ म्हणताना जोर ‘स्मे’वर. ‘द्वोर्झाक’ या नावात ‘झाक’ लांब उच्चारायचं, तरी जोर मात्र ‘द्वोर’वरच. अशा भाषेत गाणं बांधलं की पहिलं अक्षर समेवर ठेवावंच लागतं. त्यामुळे बोहेमियातल्या लोकधुना बहुतेक थेट समेवरून सुरू होतात, आणि शब्द काढून घेतले तरी ती सवय धुनेत राहते. स्मेतानाच्या पोल्का ऐकताना पहिला स्वर कुठे पडतो तेवढं पाहावं. एकदा ते कानावर बसलं की व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आणि प्रागची पोल्का यांतला फरक नुसत्या गतीचा नाही हे कळतं.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. शब्द असतील तिथे हाच स्मेताना चुकत असे. त्याच्या सुरुवातीच्या चेक ऑपेरांत कितीतरी ठिकाणी शब्दांचं वजन जर्मन पद्धतीने पडलं आहे. ‘दालिबोर’ (१८६८) या ऑपेराची संहिता तर मुळात जर्मनमध्ये लिहिली गेली आणि मग चेकमध्ये उतरवली गेली. टीकाकारांनी याबद्दल त्याला फटकारलं, आणि भाषेच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं. पियानोवर मात्र त्याचं वजन चुकलं नाही, कारण ते तो व्याकरणातून शिकला नव्हता.

५. नाच, पण नाचायला नाही

स्मेतानाच्या प्रौढ पोल्कांवर कुणी नाचायला गेलं तर पाय अडकतील. मध्येच लय रेंगाळते, धून अनपेक्षित स्वरावर वळते, एखादा भाग आठवण आल्यासारखा हळू आवाजात येऊन जातो. असं का करायचं?

आपल्याकडचा अभंग घ्या. दिंडीत चालताना म्हटलेला अभंग पावलांना धरून असतो. तोच अभंग भीमसेन जोशी मंचावर गात तेव्हा आलाप येत, एकेका ओळीभोवती सूर फिरत, आणि त्यावर चालायचं म्हटलं तर जमलं नसतं. तरी आत टाळांची चाल असेच, ती काढली तर त्याचा अभंगपणाच गेला असता. नाचघरातली पोल्का आणि स्मेतानाची पोल्का यांचं नातं असं आहे.

त्याच्यासमोर नमुना होता शोपँचा. मूळच्या पोलंडच्या या पियानोवादकाने पॅरिसमध्ये राहून मझुर्का या पोलिश नाचावर पन्नासहून अधिक छोट्या रचना लिहिल्या, आणि एका खेडवळ नाचाला कवितेची जागा मिळाली. शोपँने मझुर्काचं केलं ते आपल्याला पोल्काचं करायचं आहे, असं स्मेतानाने पुढे पत्रात स्पष्ट लिहिलं. १८५५ मध्ये छापलेल्या तीन ‘दिवाणखान्यातल्या पोल्का’ आणि तीन ‘काव्यमय पोल्का’ ही त्याची पहिली ठाम पावलं. नावं अर्थात फ्रेंच.

हीच वर्षं त्याच्या घरावर फार वाईट गेली. चार मुलींपैकी तिघी १८५४ ते १८५६ या काळात गेल्या. पोटापाण्यासाठी आणि मोकळ्या हवेसाठी तो १८५६ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला गेला. तिथली थंडी पत्नी कातेर्झिनाच्या क्षयाला मानवली नाही, आणि १८५९ मध्ये मायदेशी परतताना वाटेतच, ड्रेस्डेनमध्ये, तिचा मृत्यू झाला. गोथेनबर्गच्या वास्तव्याच्या शेवटच्या काळात ‘बोहेमियाच्या आठवणी, पोल्काच्या रूपात’ या नावाखाली त्याने चार पोल्का लिहिल्या. त्यांतल्या तीन मायनरमध्ये आहेत. ज्या वाचकांना मेजर-मायनर नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो: षड्जापासून शुद्ध गंधार घेतला तर मेजर, कोमल गंधार घेतला तर मायनर, एवढं सध्या पुरे. नाचघरातली पोल्का सहसा मेजरमध्ये असते. कोमल गंधाराने ती आतून बदलते, पण पाऊल तेच राहतं. दुःखात असलेला माणूस नाचाचा ताल आठवतो आहे, असं हे संगीत ऐकताना मला वाटतं. एखाद्याला ही फार भावुक समजूत वाटेल. त्याने नुसता ताल ऐकावा, तोही पुरेसा चांगला आहे.

६. फुरियांत: बारा मात्रांची खोडी

पोल्का दोनच्या हिशेबात चालते. बोहेमियातला दुसरा मोठा नाच फुरियांत, ऐटीत चालणाऱ्या शेतकऱ्याचा. त्याचा हिशेब मुद्दाम बिघडवलेला असतो.

टाळ्यांनीच करून पाहू. सारख्या गतीने मोजायचं आणि प्रत्येक ‘एक’वर टाळी द्यायची:

एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.

एकूण मात्रा बारा, टाळ्या पाच. पहिल्या तीन टाळ्या जवळजवळ, पुढच्या दोन लांब. गती कुठेही बदललेली नाही, तरी तिसऱ्या टाळीनंतर ताल एकदम ऐसपैस झाल्यासारखा वाटतो. कागदावर रचनाकार हे सगळं तीन-तीन मात्रांच्या चार खणांत लिहितो. पहिल्या दोन खणांतल्या सहा मात्रा तो दोन-दोनच्या तीन तुकड्यांत तोडतो, पुढच्या दोन खणांतल्या सहा जशाच्या तशा तीन-तीनच्या ठेवतो. सहाला दोन आणि तीन दोन्हींनी भाग जातो, या साध्या हिशेबावर सगळी खोडी उभी आहे.

बोहेमियाच्या गावांत असे दोन-तीनची अदलाबदल करणारे नाच बरेच होते. त्यांतल्या एका जातीचं नावच ‘गोंधळात टाकणारा’ असं आहे. बाहेरून आलेला माणूस त्यात हमखास चुकतो, आणि गाववाल्यांना तेच हवं असतं. स्मेतानाने ‘विकलेली नवरी’ या ऑपेरात फुरियांत घातला तेव्हा त्यासाठी शेतकऱ्यावरच्या एका प्रसिद्ध लोकगीताची चाल वापरली. चाली उसन्या घ्यायच्या नाहीत म्हणणाऱ्या माणसाने! पण फुरियांत त्या चालीवाचून ओळखूच आला नसता, आणि इथे प्रसंगही गावच्या नाचाचाच होता.

७. नावाचं भांडण

चाली घ्याव्यात की नाही, हा वाद त्याने खुद्द फ्रांतिशेक रीगरशी घातला होता. रीगर हे १८६० च्या दशकातल्या चेक राजकारणातलं मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं, चेक विनोदी ऑपेरा लिहायची तर लोकगीतं घ्यायलाच हवीत. स्मेतानाचं म्हणणं, तशाने ऑपेरा होणार नाही, गाण्यांची गोळाबेरीज होईल. चाल आणि ताल यांची नक्कल करून राष्ट्रीय शैली येत नाही, यावर तो ठाम होता. आणि तरीही आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, १८७९ मध्ये, त्याने पियानोसाठी दहा नाचांचा संच लिहिला तो लोकधुनांवर. हे कसं झालं?

मध्ये दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली त्याच्या शरीरात. १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये तो पूर्ण बहिरा झाला. प्रागमधलं काम सुटलं, आणि १८७६ मध्ये तो मुलगी झोफीकडे, याबकेनित्से गावी राहायला गेला. जावई वनपाल होता, घर जंगलाच्या कडेला. तिथे १८७७ मध्ये त्याने ‘चेक नृत्यं’चा पहिला भाग पुरा केला. त्यात चार पोल्का आहेत, पहिल्या दोन मायनर आणि पुढच्या दोन मेजर. पियानोच्या पट्ट्या बोटांखाली होत्या, आवाज डोक्यातच ऐकायचा होता.

दुसरी गोष्ट बाहेर घडली. १८७८ मध्ये बर्लिनच्या सिमरॉक या प्रकाशकाने आंतोनीन द्वोर्झाक या तेव्हा बाहेर फारशा ठाऊक नसलेल्या संगीतकाराकडून ‘स्लाव्ह नृत्यं’ लिहून घेतली. शिफारस संगीतकार ब्राम्सची होती. रचना एका पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायची होती, आणि त्या काळी सुखवस्तू युरोपीय घरांत संध्याकाळी हेच चाले. बर्लिनच्या एका वर्तमानपत्रात कौतुकाचा लेख आला आणि प्रतींवर उड्या पडल्या. द्वोर्झाकने तेच नाच लगोलग वाद्यवृंदासाठीही लिहिले. तो युरोपभर गाजला.

स्मेतानाने १८७९ मध्ये आपल्या प्रकाशकाला, उर्बानेकला, जे लिहिलं त्याचा आशय असा: द्वोर्झाकने आपल्या नाचांना मोघम नाव दिलं आहे, त्यांतला कोणता नाच कोणता हे कळत नाही, आपण नावानिशी दाखवू की आम्हा चेकांकडे कोणते नाच आहेत. हेवा यात होताच, आणि तो समजण्यासारखा आहे. पण मुद्दाही खरा होता. द्वोर्झाकच्या संचात पोल्का आणि फुरियांत यांच्या बरोबरीने युक्रेनकडचा दुमकाही आहे, आणि धुना सगळ्या त्याच्या स्वतःच्या. म्हणजे स्लाव्ह जगाची एक देखणी कल्पना. स्मेतानाला गावागावांतल्या नाचांची नोंद हवी होती. नोंद करायची तर मूळ चाल लागतेच, म्हणून इथे ती घेण्यात मला विसंगती दिसत नाही. ऑपेरात पात्रांना स्वतःचा आवाज हवा होता, इथे नाचच पात्रं आहेत. कारेल यारोमीर एर्बेनचा लोकगीतांचा मोठा संग्रह १८६० च्या दशकात प्रसिद्ध झालेला असल्याने साहित्यही हाताशी होतं.

दहा नाचांची नावं शक्य तिथे मराठीत सांगायची तर फुरियांत, छोटी कोंबडी, ओट, अस्वल, छोटा कांदा, पाय आपटायचा नाच, भालाईत स्वार, ओबक्रोचाक, शेजाऱ्यांचा नाच आणि उड्यांचा स्कोच्ना. कोंबडी-कांदा ऐकून हसू येतं, पण अशी बरीच नावं नाचाबरोबर म्हणायच्या गाण्यांतून आलेली आहेत, त्यामुळे पियानोत कांद्याचं चित्र शोधत बसू नये. उलट ‘छोटा कांदा’ हा संचातल्या उदास नाचांपैकी एक आहे. शेजाऱ्यांचा नाच तीन मात्रांचा, संथ, वडीलधाऱ्या जोडप्यांना झेपेल असा. त्यामागून येणारा स्कोच्ना दोनच्या हिशेबाचा आणि सुसाट.

८. ऐकायला कुठून लागावं

द्वोर्झाकचे नाच जगभर वाजतात, स्मेतानाचे कमी. गुणवत्तेचं कारण मला पटत नाही. द्वोर्झाकने हौशी लोकांच्या घरी पोचणारं संगीत लिहिलं, आणि दोघांत वाटून घेतल्याने ते हातांना झेपतं. स्मेताना स्वतः पट्टीचा वादक होता. त्याने दोनच हातांसाठी लिहिलं, आणि ते हात लिस्टच्या तालमीतले असावेत असं गृहीत धरून. लांब उड्या, भरगच्च स्वरपुंज, तरी वर धून हलकीच राहायला हवी. घरी वाजवायला अवघड आणि मंचावर वादकाला चमकण्याची संधी त्या मानाने कमी, त्यामुळे हे नाच दोन्हीकडून राहून गेले.

नव्या श्रोत्याने आधी स्मेतानाची ‘व्हल्तावा’ ऐकावी, ही नदीवरची वाद्यवृंदरचना बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. तिच्या मध्यावर नदीकाठी गावातलं लग्न लागतं आणि वाद्यवृंद पोल्का वाजवू लागतो. तिथे चार मोजावेत. मग ‘बोहेमियाच्या आठवणीं’मधली एखादी पोल्का, आणि तिच्यात चौथी मात्रा कुठे लांबते ते पाहावं. त्यानंतर १८७७ च्या चार पोल्का एका बैठकीत. रुडॉल्फ फिरकुश्नी या चेक वादकाच्या ध्वनिमुद्रणात डावा हात एकदाही जमीन सोडत नाही. हंगेरीच्या आंद्राश शिफने पोल्कांचं ध्वनिमुद्रण केलं आहे. तो जास्त हळवा वाजवतो, मला फिरकुश्नी अधिक आवडतो.

दहा नाचांचा संच शेवटी ठेवावा आणि सलग ऐकू नये, एका वेळी दोनतीन पुरेत. फुरियांत पहिलाच आहे. टाळ्या द्यायला घेतल्या तर वेगामुळे तिसऱ्या टाळीनंतर चुकायला होईल. पुन्हा सुरुवातीपासून लावावा.